अलार्म वाजलाच नाही आणि ५ कोटी लोकांची वीज गेली; कम्प्युटरमधलं ‘लॉक’ नेमकं काय काम करतं?

१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेत गुरुवारची दुपार.

ओहायो राज्यातल्या फर्स्ट एनर्जी या वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर स्क्रीनसमोर बसले होते. कुठली लाइन बंद पडली किंवा कुठे भार वाढला की अलार्म यायचा, अशी तिथली यंत्रणा. त्या दुपारी स्क्रीन शांत होती. अलार्म नाही, म्हणजे सगळं ठीक चाललंय, असाच त्याचा अर्थ घेतला गेला.

प्रत्यक्षात अलार्मची यंत्रणाच बंद पडली होती. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनंतर तिच्याकडून एकही इशारा आला नाही. ३ वाजून ५ मिनिटांनी ३४५ किलोव्होल्टची एक लाइन झाडाला टेकून बंद पडली. ३ वाजून ३२ मिनिटांनी दुसरी, ३ वाजून ४१ मिनिटांनी तिसरी. शेजारच्या कंपन्यांचे फोन येत होते, काहीतरी गडबड आहे असं ते सांगत होते, पण स्वतःच्या स्क्रीनवर काहीच दिसत नसल्यामुळे ऑपरेटरना त्याचं गांभीर्य कळलं नाही.

४ वाजल्यानंतर मात्र एकामागून एक लाइन बंद पडत गेल्या. न्यूयॉर्क, डेट्रॉईट, क्लीव्हलँड आणि शेजारच्या कॅनडातलं टोरंटो, सगळीकडे अंधार. अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. न्यूयॉर्कमध्ये मेट्रो जागच्या जागी थांबल्या आणि हजारो लोक पूल ओलांडून पायी घरी निघाले. भारतात तेव्हा १५ ऑगस्टची पहाट व्हायची होती.

चौकशीत बरीच कारणं पुढे आली. लाइनखालची झाडं वेळेवर छाटलेली नव्हती, कंपन्यांमध्ये समन्वय नव्हता, इतर कम्प्युटर यंत्रणांमध्येही अडचणी होत्या. पण अलार्म का वाजला नाही, या प्रश्नाचं उत्तर शोधायला प्रोग्रॅमर मंडळींना कित्येक आठवडे कोड चाळावा लागला. उत्तर सापडलं ते असं : दोन प्रोसेस एकाच वेळी, एकाच माहितीत बदल करायला घुसल्या होत्या.

एका वेळी एकच आत जाईल, अशी व्यवस्था तिथे असायला हवी होती. कम्प्युटरच्या भाषेत या व्यवस्थेला ‘लॉक’ म्हणतात.

आधी एक साधा ‘लाइक’ समजून घेऊ

समजा, तुमच्या फोटोला १००० लाइक्स आहेत. दोन मित्रांनी एकाच क्षणी लाइक दाबला. आकडा किती व्हायला हवा? १००२.

पण कम्प्युटरसाठी ‘एक मिळवा’ हे एक काम नाही, तीन कामं आहेत :

१. आत्ताचा आकडा वाचा.
२. त्यात एक मिळवा.
३. आलेलं उत्तर परत लिहा.

आता पहिल्या मित्राचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमने १००० हा आकडा वाचला. तो लिहिण्याआधीच दुसऱ्या मित्राच्या प्रोग्रॅमनेही आकडा वाचला. त्यालाही १०००च दिसला. पहिल्याने १००१ लिहिलं. दुसऱ्यानेही १००१ लिहिलं. लाइक दोन आले, मोजला गेला एकच.

गंमत बघा, दोन्ही प्रोग्रॅमनी आपापलं काम बिनचूक केलं. बेरीज चुकली नाही, वाचताना चूक झाली नाही, लिहितानाही नाही. चूक झाली ती ‘वाचणं’ आणि ‘लिहिणं’ यांच्या मधल्या फटीत.

एखादा लाइक गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण तोच प्रकार नाटकाच्या शेवटच्या तिकिटाबाबत झाला तर? प्रोग्रॅम आधी बघतो, सीट रिकामी आहे का. मग ती तुमच्या नावावर करतो. या बघण्याच्या आणि नावावर करण्याच्या मध्ये दुसऱ्या कुणासाठी तीच सीट बघितली गेली, तर दोघांनाही ‘बुकिंग झालं’ असा मेसेज जाईल आणि थिएटरमध्ये एका खुर्चीसाठी दोघं भांडत उभे राहतील. बँक खात्यात तर या फटीतून थेट पैसेच गळतील.

या प्रकाराला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. रेस म्हणजे शर्यत. कोण आधी पोचतो त्यावर उत्तर बदलतं. आणि कोडच्या ज्या भागात ही फट असते, म्हणजे जिथे एका वेळी एकानेच असायला हवं, त्या भागाला ‘क्रिटिकल सेक्शन’ म्हणतात.

यावर एक शंका हमखास येते. कम्प्युटरमध्ये एकच प्रोसेसर असेल, तर एका वेळी एकच काम चालणार ना? मग दोघं आत शिरतील कसे?

शिरतात. कारण ऑपरेटिंग सिस्टिम एकाच प्रोसेसरवर अनेक कामं आळीपाळीने चालवते. थोडा वेळ हे काम, थोडा वेळ ते. आणि ती एखाद्या कामाला कुठेही थांबवू शकते, अगदी ‘वाचलं पण अजून लिहिलं नाही’ अशा अर्ध्या वाटेवरसुद्धा. आता तर साध्या फोनमध्येही आठ-आठ कोअर असतात, म्हणजे कामं खरोखरच एकाच वेळी चालतात. फटीत सापडण्याची शक्यता त्यामुळे आणखी वाढते.

रेल्वेने हा प्रश्न कम्प्युटरच्या आधीच सोडवला होता

एकेरी रेल्वेमार्ग डोळ्यासमोर आणा. दोन स्टेशनं आणि मध्ये एकच रूळ. दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या तर समोरासमोर टक्कर ठरलेली.

यावर जुना उपाय म्हणजे टोकन. भारतीय रेल्वेच्या अनेक एकेरी मार्गांवर ‘नील्स बॉल टोकन’ नावाची यंत्रं वर्षानुवर्षं वापरात होती. दोन्ही स्टेशनांवर एकेक यंत्र आणि त्यात धातूचे गोळे. ही दोन यंत्रं विजेच्या तारांनी एकमेकांशी जोडलेली असत. एका स्टेशनवरच्या यंत्रातून एक गोळा बाहेर काढला की तो परत कुठल्यातरी यंत्रात पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरा गोळा निघतच नसे. हा गोळा पिशवीत घालून, मोठ्या रिंगला अडकवून ड्रायव्हरकडे दिला जाई. हातात गोळा नाही, तर गाडी त्या पट्ट्यात न्यायची नाही. पुढच्या स्टेशनवर गोळा जमा झाला की मार्ग पुन्हा मोकळा.

कम्प्युटरमधलं लॉक अगदी असंच चालतं. मधला रूळ म्हणजे क्रिटिकल सेक्शन, गोळा म्हणजे लॉक. आत जाण्याआधी प्रोग्रॅमने लॉक मागायचं. मिळालं तर आत जायचं, काम करायचं, बाहेर येताना परत द्यायचं. कुणी आधीच आत असेल तर थांबायचं. याच लॉकचं प्रोग्रॅमिंगमधलं रोजचं नाव आहे ‘म्युटेक्स’.

आता लाइकचं गणित पुन्हा मांडा. पहिल्याने लॉक घेतलं, १००० वाचलं, १००१ लिहिलं, लॉक सोडलं. तोपर्यंत दुसरा बाहेर थांबला. मग त्याने लॉक घेतलं, त्याला १००१ दिसलं, त्याने १००२ लिहिलं. हिशोब जुळला.

यात एक बारकावा आहे. रेल्वेचा गोळा गाडीला काही बांधून ठेवत नाही. गोळा नसताना ड्रायव्हरने गाडी पुढे नेलीच, तर गोळा बिचारा यंत्रात पडून राहील. ही व्यवस्था चालते ती प्रत्येकजण नियम पाळतो म्हणून. प्रोग्रॅममधलं लॉकही तसंच. दहा ठिकाणी माहितीला हात लावण्याआधी लॉक मागितलं आणि अकराव्या ठिकाणी विसरलं, तर ते अकरावं ठिकाण बिनधास्त आत शिरतं. त्याला कुणी अडवत नाही.

फर्स्ट एनर्जीच्या अलार्म यंत्रणेत साधारण हेच झालं होतं. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ‘एक्सए/२१’ या सॉफ्टवेअरमध्ये एका प्रोसेसच्या कोडमध्ये चूक होती. त्या चुकीमुळे दोन प्रोसेसना एकाच माहितीवर एकाच वेळी लिहिण्याची परवानगी मिळाली. माहिती बिघडली आणि ती वाचणारा अलार्मचा प्रोग्रॅम एकाच जागी गोल गोल फिरत राहिला. नव्याने येणारे इशारे रांगेत साचत गेले. २ वाजून ४१ मिनिटांनी मुख्य सर्व्हर बंद पडला. सगळं काम आपोआप पर्यायी सर्व्हरवर गेलं, पण सोबत तो अडकलेला अलार्मचा प्रोग्रॅमही तसाच्या तसा गेला. २ वाजून ५४ मिनिटांनी तो सर्व्हरही बसला.

पण लॉकला लॉक कोण लावणार?

थोडा विचार केला की इथे एक पेच दिसतो. लॉक मोकळं आहे का, हे बघायचं आणि मोकळं असेल तर घ्यायचं. ही पुन्हा दोन कामं झाली! म्हणजे मध्ये फट आलीच. दोघांनी एकाच वेळी बघितलं, दोघांना मोकळं दिसलं, दोघांनी घेतलं. मग लॉकचा उपयोग काय?

हा प्रश्न १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांना चांगलाच छळत होता. दोन प्रोग्रॅमपुरता त्यावरचा उपाय डच गणितज्ञ डेकर यांनी शोधला. कितीही प्रोग्रॅम असले तरी चालेल असा उपाय त्यांचेच देशबांधव एडस्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये एका शोधनिबंधात मांडला. हा निबंध जेमतेम एका पानाचा होता, पण एकाच वेळी अनेक कामं करणाऱ्या प्रोग्रॅमच्या अभ्यासाचा पाया म्हणून तो आजही शिकवला जातो. डाइक्स्ट्रा यांना पुढे १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

याच डाइक्स्ट्रांनी लॉकचा एक भाऊबंद आणला, ‘सेमाफोर’. नाव उचललं ते रेल्वेवरून. खांबावर वर-खाली होणारा हात असलेले जुने सिग्नल आठवतात? त्यांना सेमाफोर म्हणतात. म्युटेक्स एका वेळी एकालाच आत सोडतो. सेमाफोरला मात्र सांगता येतं की एका वेळी तिघांना सोड, किंवा दहा जणांना सोड.

आजचे प्रोसेसर हा पेच थेट हार्डवेअरमध्ये सोडवतात. कसा, ते समजायला एसटीचं उदाहरण घ्या. गर्दीच्या वेळी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात. पण ‘सीट रिकामी आहे’ हे बघणं आणि रुमाल टाकणं यात क्षणभर वेळ जातो आणि तेवढ्यात दुसऱ्याचा रुमाल पडलेला असतो. मग वाद. आता अशी कल्पना करा की बघणं आणि रुमाल टाकणं ही एकच क्रिया आहे, तिचे दोन तुकडे होऊच शकत नाहीत. मग वादाला जागाच उरत नाही.

प्रोसेसरमध्ये नेमकी अशी सूचना असते. जुनी किंमत वाचायची आणि नवी लिहायची, हे एकाच न तुटणाऱ्या झटक्यात. आयबीएमच्या १९६४ मध्ये जाहीर झालेल्या ‘सिस्टिम/३६०’ या कम्प्युटरमध्ये ‘टेस्ट अँड सेट’ नावाची अशी सूचना होती. आजच्या प्रत्येक फोनच्या प्रोसेसरमध्ये तिची भावंडं आहेत. प्रोग्रॅमरने लिहिलेलं लॉक शेवटी या एका सूचनेवर उभं असतं.

चाचणीत ही चूक का सापडत नाही?

‘एक्सए/२१’ हे काही नवखं सॉफ्टवेअर नव्हतं. वेगवेगळ्या वीज कंपन्यांमध्ये मिळून ते ३० लाख तासांपेक्षा जास्त चाललं होतं आणि तेवढ्या काळात ही चूक एकदाही वर आली नव्हती. कारण ती फट अगदी क्षणभराची होती. दोन घटना नेमक्या त्या क्षणात सापडायला हव्या होत्या.

साधी चूक असेल तर तीच कृती पुन्हा केली की चूक पुन्हा दिसते. रेस कंडिशनचं तसं नसतं. तोच प्रोग्रॅम, तीच माहिती, हजार वेळा बरोबर उत्तर आणि हजार एकाव्या वेळी चूक. त्यात प्रोग्रॅमर चूक शोधायला बसला आणि मध्ये दोन-चार ओळी वाढवल्या, की वेळेचं गणित बदलतं आणि चूक लपून बसते.

याचं सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे ‘थेरॅक-२५’. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं हे कॅनडात बनलेलं मशीन. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून किरणांचा भयंकर जास्त डोस गेला. त्यात काहींचा जीव गेला.

१९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे झालेल्या अपघातांचं मूळ रेस कंडिशनमध्ये निघालं. मशीनचे दोन प्रकारचे उपचार होते. ऑपरेटरने चुकून एक प्रकार टाइप केला, चूक लक्षात आल्यावर चटकन मागे जाऊन दुसरा निवडला. पण मशीनमधली चुंबकं जागेवर यायला सुमारे ८ सेकंद लागायचे आणि त्या अवधीत केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागापर्यंत पोचतच नव्हती. स्क्रीनवर एक उपचार, मशीनच्या आत दुसराच.

हळू टाइप करणाऱ्याला ही चूक कधीच दिसली नसती. रोज तेच काम करून ज्याचा हात बसलाय, अशा ऑपरेटरच्याच वेगाला ती बाहेर आली. आधीच्या ‘थेरॅक-२०’ या मॉडेलमध्येही असाच दोष होता, पण त्यात चुकीच्या स्थितीत किरण अडवणारी स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था होती. त्यामुळे तिथे फार तर फ्यूज उडायचा. नव्या मॉडेलमध्ये ती व्यवस्था काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता.

लॉक लावलं म्हणजे सुटलो? नाही!

मग जिथे तिथे लॉक लावून टाकलं तर? इथून लॉकचे स्वतःचे त्रास सुरू होतात.

*पहिला त्रास : डेडलॉक.* समजा, बँकेत सीमाच्या खात्यातून प्रकाशच्या खात्यात पैसे जातायत. त्याच क्षणी प्रकाशच्या खात्यातून सीमाच्या खात्यातही जातायत. पहिल्या प्रोग्रॅमने सीमाचं खातं लॉक केलं आणि प्रकाशच्या खात्याची वाट बघत बसला. दुसऱ्याने प्रकाशचं खातं लॉक केलं आणि तो सीमाच्या खात्याची वाट बघतोय. दोघंही हातातलं सोडत नाहीत आणि हवं ते मिळत नाही. अरुंद गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि कुणीच मागे घेईना, तसं.

यावर सोपा नियम आहे. लॉक घेण्याचा क्रम ठरवून टाका आणि तो सगळ्यांनी पाळा. उदाहरणार्थ, ज्या खात्याचा नंबर लहान ते आधी, मग पैसे कुणीही कुणाला पाठवत असो. मग दोघंही आधी एकाच दाराशी येतात. एक आत जातो, दुसरा रिकाम्या हाताने बाहेर थांबतो.

*दुसरा त्रास : मोठं कुलूप.* घरातल्या कपाटासाठी सगळ्या बिल्डिंगचं गेट बंद केलं, तर कपाट सुरक्षित राहील, पण लोकांचं येणं-जाणं बंद होईल. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने १९९६ मध्ये एकापेक्षा जास्त प्रोसेसर वापरायला सुरुवात केली तेव्हा सोपा मार्ग म्हणून गाभ्याला एकच मोठं लॉक लावलं होतं. त्याचं नावच ‘बिग कर्नल लॉक’. एका वेळी एकच प्रोसेसर गाभ्यात. प्रोसेसर वाढत गेले तसं ते अडचणीचं ठरू लागलं. त्याच्या जागी हळूहळू छोटी छोटी लॉक्स आणून ते पूर्णपणे काढायला २०११ साल उजाडलं.

पायथॉन या लोकप्रिय भाषेचीही हीच कथा. तिच्यात ‘जीआयएल’ नावाचं एक मोठं लॉक आहे. त्यामुळे एका प्रोग्रॅममधले अनेक थ्रेड पायथॉनचा कोड खऱ्या अर्थाने एकाच वेळी चालवू शकत नाहीत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत पहिल्यांदा हे लॉक नसलेला प्रकार, तोही प्रयोग म्हणून, अधिकृतपणे मिळू लागला.

*तिसरा त्रास : छोट्याने मोठ्याला अडवणं.* हा प्रकार तर थेट मंगळावर घडला.

मंगळावरचा कम्प्युटर सारखा रीस्टार्ट का होत होता?

४ जुलै १९९७ रोजी नासाचं ‘मार्स पाथफाइंडर’ मंगळावर उतरलं. फोटो येऊ लागले, जगभर कौतुक झालं. पण काही दिवसांतच यानाचा कम्प्युटर अधूनमधून स्वतःहून रीस्टार्ट होऊ लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जायचं. करोडो किलोमीटर लांब असलेल्या मशीनजवळ जाऊन कुणी बघणार तरी कसं?

यानात वेगवेगळी कामं वेगवेगळ्या महत्त्वाची होती. माहितीची मुख्य देवाणघेवाण सांभाळणारं काम सर्वांत महत्त्वाचं. हवामानाची नोंद करणारं काम सर्वांत कमी महत्त्वाचं. दोघं एकच माहितीची जागा वापरायचे आणि तिला रीतसर लॉक होतं. म्हणजे इथे लॉक विसरलं नव्हतं. तरीही घोळ झाला.

सरकारी ऑफिसात नेऊन बघा. कलेक्टर साहेबांना एक फाइल तातडीने हवी आहे. फाइल एका कारकुनाकडे आहे, त्याचं पाच मिनिटांचं काम उरलंय. साहेब म्हणतात, ठीक आहे, थांबतो. तेवढ्यात तहसीलदार येतात आणि कारकुनाला बाजूला बसवून त्याचं टेबल तासभर स्वतःच्या कामासाठी अडवतात. तहसीलदारांना त्या फाइलशी देणंघेणं नाही. पण कारकुनाचं काम अडलं, म्हणून फाइल अडली, म्हणून कलेक्टर अडले. सर्वांत मोठा अधिकारी मधल्याच माणसामुळे ताटकळला.

पाथफाइंडरवर हेच झालं. हवामानाच्या कामाने लॉक घेतलं. ते सोडायच्या आत मधल्या महत्त्वाच्या, संपर्काच्या कामाने प्रोसेसर अडवला. सर्वांत महत्त्वाचं काम लॉकसाठी थांबून राहिलं. ते वेळेत झालं नाही हे बघून यानाच्या सुरक्षा व्यवस्थेला वाटलं, काहीतरी गंभीर बिघडलंय. तिने कम्प्युटर रीस्टार्ट केला. याला ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’ म्हणतात.

इंजिनिअरनी पृथ्वीवर ठेवलेल्या तशाच जोडणीवर तासन् तास प्रयत्न करून हा प्रकार पुन्हा घडवून आणला आणि कारण पकडलं. उपाय आधीपासून माहीत होता. कारकुनाकडे साहेबांना हवी असलेली फाइल आहे तोपर्यंत त्याला साहेबांचाच दर्जा द्यायचा, म्हणजे तहसीलदार त्याला उठवू शकणार नाहीत. फाइल हातातून गेली की तो पुन्हा कारकून. याला ‘प्रायॉरिटी इनहेरिटन्स’ म्हणतात. यानाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही सोय होतीच, फक्त त्या लॉकसाठी बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून एक छोटा बदल पाठवून ती चालू केली आणि रीस्टार्ट थांबले.

कोड लिहिणाऱ्यांनी काय लक्षात ठेवायचं?

कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकत असाल किंवा नोकरीत रोज कोड लिहीत असाल, तर वरच्या सगळ्या घटनांमधून हाताशी ठेवण्यासारख्या गोष्टी या :

१. लॉक कोडला नाही, माहितीला लावतोय असं समजा. कुठली माहिती कुठल्या लॉकखाली आहे, हे लिहून ठेवा. मग तिला हात लावणाऱ्या प्रत्येक ठिकाणी तेच लॉक हवं. नुसतं वाचायचं असलं तरीही.

२. लॉक जितका कमी वेळ धरता येईल तितका बरा. लॉक हातात असताना इंटरनेटवरून उत्तर येण्याची वाट बघत बसू नका, मोठी फाइल वाचत बसू नका. आधी तयारी करा, मग लॉक घ्या, बदल करा, सोडा.

३. मध्येच चूक होऊन प्रोग्रॅम बाहेर पडला तरी लॉक सुटलं पाहिजे. नाहीतर गोळा घेऊन ड्रायव्हर घरी गेल्यासारखं होईल आणि मार्ग कायमचा बंद राहील. आजच्या बहुतेक भाषांमध्ये लॉक आपोआप सोडण्याची सोय आहे, ती वापरा.

४. दोन लॉक्स लागणार असतील तर क्रम ठरवा आणि मोडू नका.

५. सर्वांत उत्तम म्हणजे लॉकची गरजच कमी करा. प्रत्येक थ्रेडला स्वतःची माहिती द्या, शेवटी एकदाच बेरीज करा. ज्या माहितीत कुणी बदलच करत नाही, ती हजार जणांनी एकदम वाचली तरी काही बिघडत नाही.

आणि चाचणीत सगळं व्यवस्थित चाललं, एवढ्यावर समाधान मानू नका. ३० लाख तास व्यवस्थित चाललेल्या सॉफ्टवेअरचं काय झालं, ते वर आलंच आहे. त्या ब्लॅकआउटनंतर कंपनीने ‘एक्सए/२१’मधली चूक दुरुस्त केली आणि तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या इतर वीज कंपन्यांनाही दुरुस्ती पाठवली. ती चूक त्यांच्याकडेही होती. त्यांच्याकडे फक्त दोन घटना त्या एका क्षणात अजून एकत्र आल्या नव्हत्या.